चिंचेच्या बुंध्यातला धूर : धारूरच्या डोंगरातून सायकलवर दोन दिवस

सायकलवर जायचं ठरलं तेच मुळी वैतागातून. जानेवारीत माजलगावात आमच्या झेरॉक्सच्या दुकानासमोरून दिवसभर उसाचे ट्रॅक्टर जातात. दोन-दोन ट्रॉल्या, वर कर्णे, आणि प्रत्येक कर्ण्यातून तेच गाणं. चौथ्या दिवशी मी शटर ओढलं आणि नणंदेला म्हणाले, "वर्षा, जिथं कर्णा नाही अशा कुठल्यातरी रस्त्यावर चल." वर्षा शाळेत शिक्षिका आहे आणि माझ्या रागाला ती माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त सरावलेली आहे. तिनं फक्त विचारलं, "वहिनी, जेवायला काय घ्यायचं?"

रस्ता असा. माजलगाव, तेलगाव, मग घाट चढून धारूर, तिथून डोंगरातल्या आडरस्त्यांनी अंबाजोगाईला मुक्काम. दुसऱ्या दिवशी घाटनांदूर, धर्मापुरी करत परळी. तेलगावपर्यंत उजाडायच्या आत पोहोचा, नाहीतर उसाच्या गाड्यांच्या मागे धूळ खात जावं लागेल. आम्ही उशिरा निघालो आणि भरपूर खाल्ली. एकाही ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता. एका ड्रायव्हरला थांबवून मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "ताई, ऊस दिसतोय की एवढा मोठा!" वर्षा हसली. मला हसू आलं नाही.

घाट मात्र खरोखर सुंदर आहे. खूप चढ नाही, पण वळणं अवघड आहेत, गिअरची सायकल असेल तर न उतरता चढता येतं. दोन्ही अंगाला सीताफळीची झुडपं, या दिवसांत निम्मी पानं झडलेली, मधूनच धावडा आणि पळस. आणि प्रत्येक कठड्याखाली दारूच्या बाटल्यांचा खच. माणसं इथवर येतात, हवा खातात, पितात आणि बाटली खाली दरीत भिरकावतात. यांच्या घरात बायका केर काढतात म्हणून यांना वाटतं की डोंगराचाही केर काढायला कुणीतरी बाई ठेवलेली आहे. असो. धारूरला पोहे आणि भजी स्वस्त आणि गरम मिळाली, पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या. पुढे पाण्याची फार सोय नाही, हे ध्यानात ठेवा.

धारूर सोडल्यावर आम्ही मोठा रस्ता टाळला आणि मला हवं होतं ते मिळालं. एकेरी डांबरी रस्ता, उतार, चढ, पुन्हा उतार. ज्वारीची रानं, त्यांच्यामागे झाडीनं भरलेल्या टेकड्या. तासाभरात दोन मोटारसायकली आणि शेळ्यांचा एक कळप, एवढीच वर्दळ. माझा राग उतरत होता, हे वर्षानंही ओळखलं, कारण ती गाणं म्हणायला लागली. फक्त सावली नव्हती. रस्त्याकडेला जुन्या चिंचा, कडुलिंब असायचे तिथं आता काळे बुंधे होते. रुंदीकरण झालं असेल असं आम्हाला वाटलं. पण रस्ता तर तेवढाच होता.

मग एका चढावर एकच मोठी चिंच दिसली. गाभुळलेल्या चिंचांनी लगडलेली, आणि खाली पत्रा बांधून चहाची टपरी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. टपरी प्रयागबाईची. पन्नाशीची बाई, कमरेला पट्टा, तोंड अखंड चालू. दोघी बाया सायकलवर बघून तिनं आधी आम्हालाच झापलं. "घरचे काहून सोडतेत तुमाला? पडलाव म्हंजी?" मग चहात जास्तीचं आलं घातलं.

चहा पिताना तिनं सांगितलं की ती पूर्वी दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. कमरेचं ऑपरेशन झालं, मोळी उचलेना, तरी एक हंगाम तशीच गेली. "मग ह्या चिंचंखाली बसले. उन्हाळ्यात घाटापासून हितपर्यंत दुसरी सावलीच न्हाई बगा. मानूस थांबतंय, थांबलं की च्या पितंय. हिच्यामुळं माजा कोयता सुटला. ही हाय तवर मी हितं हाय. ही गेली की पुना तोडीला." हे बोलताना ती बुंध्यावर हात ठेवून उभी होती.

तेवढ्यात झाडाच्या पलीकडून, रानातून हाक आली. "ओ ताई! च्या काय पिताव, हुरडा खायला या की!" ते अण्णा, शेताचे मालक. मोठ्या मनाचा माणूस, हे मी आजही म्हणेन. ओळख ना पाळख, पण सतरंजी अंथरली, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची आणि दाणे फुंकून वाटीत टाकायचे. असा गोड हुरडा मी वर्षानुवर्षं खाल्ला नव्हता. पैशाचं विचारलं तर ते रागावले. "पावण्याकडून पैसं घ्यायला आमी काय हाटेल टाकलंय?"

मी चटणी संपवत होते, आणि मला चिंचेच्या बुंध्यातून, डोक्याच्याही वरच्या एका भोकातून, धूर निघताना दिसला. आधी कळेचना. मग आगटीकडं नीट बघितलं. ती झाडापासून लांब नव्हती, झाडाच्या मुळातच खणली होती. आणि तिच्यामागं बुंध्यात माणूस बसेल एवढी ढोली, आतून कोळसा झालेली. धूर आत शिरून वरून बाहेर पडत होता, आणि पलीकडं प्रयागबाईच्या टपरीवर उतरत होता.

"अण्णा, आगटी झाडात का केलीय?"

ते अगदी सहज म्हणाले, "झाड सरकारचं, सावली मातर माझ्या रानात. चार सऱ्यात कणीसच भरत न्हाई. तोडावं तर केस हुती. म्हनून दरसाली हुरडा हितंच करायचा. दोन-तीन साल लागतेत, मग वाऱ्यात आपूआप पडतंय. आपन कुटं तोडलं?" आणि ते हसले. वाटेतल्या काळ्या बुंध्यांचा मला तेव्हा उलगडा झाला. सगळ्यांच्या पायाशी असाच कुणीतरी पाहुण्यांना हुरडा खाऊ घातला असणार.

माझं डोकं फिरलं. बाटलीतलं सगळं पाणी मी आगटीत ओतलं. कणसं भिजली, राख उडाली, अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. "तिकडं एक बाई पोट भरते या झाडाखाली," मी ओरडले, "तुम्हाला चार सऱ्यांचं पडलंय!" अण्णांचा चेहरा उतरला. "खाल्ल्यावर ह्ये बोलताव व्हय ताई?" एवढंच ते म्हणाले. वर्षानं माझं कोपर धरलं.

मला वाटलं प्रयागबाई माझ्या बाजूनं उभी राहील. ती धावत आली ती अण्णांसमोर हात जोडत. "अण्णा, पावण्या हायेत, मनावर घिऊ नगा." मग मला रस्त्यावर ओढत नेलं आणि दात ओठ खाऊन म्हणाली, "तुमी जाताव निघून सायकलीवर. माझं च्याचं पानी त्यांच्याच बोअरचं हाय. उद्या बंद केलं तर तुमी आनून देनार हाव का माजलगावहून?"

वर्षानं प्रयागबाईचा फोन नंबर घेतला, माझा तिला दिला आणि आम्ही निघालो. अंबाजोगाईपर्यंतचा रस्ता फार देखणा आहे असं म्हणतात. मी फक्त पुढच्या चाकाकडं बघत पॅडल मारलं.

अंबाजोगाईत लॉज साधा घ्या, सायकली मात्र खोलीत ठेवू देतात का ते आधी विचारा. दुसऱ्या दिवशी घाटनांदूरच्या पुढं रस्ता शांत आहे, धर्मापुरीच्या जुन्या देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती तासभर बघण्यासारख्या आहेत. वर्षानं बघितल्या. मी पायरीवर बसून अण्णांशी मनातल्या मनात भांडत होते. परळीहून सायकली टेम्पोत टाकल्या आणि अंधार पडायच्या आत घरी आलो. वर्षानं हुरड्याचा फोटो स्टेटसला टाकला. लोकांनी विचारलं, "कुठे मिळतो? आम्हालाही जायचंय." मी तिला तो फोटो काढून टाकायला लावला.

अमावास्या झाल्यावर प्रयागबाईचा फोन आला. आवाज खुशीत होता. "ताई, झाडात म्हसोबा निघाला!"

"निघाला म्हणजे?"

"निघाला म्हंजी मी ठिवला. रातीत ढोलीत दगड-माती भरली, त्येच्यापुढं एक गोल धोंडा बसवला, शेंदूर फासला. सकाळी मीच बोंब मारली. पयला नारळ कुनी फोडला सांगा? अण्णानं! आता म्हनतेत, हितं जाळ करायचा न्हाई, द्येव खवळंल."

मी पोट धरून हसले. झाड राहिलं, तिचा कोयता सुटलेलाच राहिला, यापेक्षा चांगली बातमी काय असणार? पण फोन ठेवला आणि राग पुन्हा तसाच वर आला, तो अजून गेलेला नाही. तुम्ही या रस्त्यानं जाल, जरूर जा. कुणी हुरड्याला बोलावलं तर आधी आगटी कुठं आहे ते बघा, आणि झाडाला लागून असेल तर उपाशी निघा. अण्णा वाईट माणूस नाही, म्हणूनच मला जास्त राग येतो. प्रयागबाई इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर त्या झाडाखाली बसलेली आहे, रोज त्यांच्याच बोअरवर घागर भरते. ती त्यांना दिसली नाही. धोंडा एका सकाळीत दिसला.