वडिलांचा डावा गुडघा

आधीच माफी मागतो. आमच्या घरात पत्रापलीकडं कुणी काही लिहिलेलं नाही आणि कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं हे लिहायचा मला हक्क आहे की नाही, याची खात्री वाटत नाही. पण वडिलांच्या गुडघ्याबाबत माझ्या हातून एक चूक झाली, ती मनातून जात नाही.

वडील गंगापूर ते औरंगाबाद काळीपिवळी जीप चालवायचे. माझा डबा त्याच जीपमधून यायचा, मी हॉस्टेलवरून स्टँडवर जाऊन घ्यायचो. एकदा टायर बदलायला ते उकिडवे बसले आणि उठताना डावा गुडघा अडकला. तेव्हापासून क्लच दाबला की कळ मांडीपर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादी फाटलीय, दुर्बिणीनं ऑपरेशन करू.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी वडील वॉकर धरून चालले. पट्टी बदलताना आईनं पाहिलं, तर दोन बारकी छिद्रं आणि दोन टाके.

"एवढंच?" ती माझ्या कानात म्हणाली. "खरंच केलं का रं यांनी?"

डॉक्टरांनी ऑपरेशनची सीडी दिली होती. ती शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लावली तेव्हा निम्मी गल्ली जमली. पडद्यावर पांढरंशुभ्र काहीतरी पाण्यात हलत होतं आणि एक इवलासा चिमटा त्यातला फाटका भाग कुरतडून काढत होता.

"सरकी काढल्यावानी काढायलेत," शेजारची काकू म्हणाली.

वडिलांनी पडद्याजवळ वाकून बघितलं. मग म्हणाले, "आतून लई गोरा हाय की मी."

"बाहेरूनबी निघंल, धुतलं तर," आई म्हणाली. सगळे हसले.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "चालू दे त्यांना. पण दीड महिना मांडी नाही, उकिडवं बसणं नाही. तू शिकलेला आहेस, लक्ष ठेव."

आठव्या दिवशी वडिलांचे थोरले मामा भेटायला आले. घरात खुर्ची एकच. ती नको म्हणत ते सतरंजीवर बसले. मामा खाली आणि आपण खाटेवर, हे वडिलांना कसं सहन व्हावं? ते खाली उतरले. ताटं आली आणि त्यांनी मांडी घातली. मी पाण्याचा तांब्या धरून समोर उभा होतो. तोंड उघडलं नाही. थोरल्या माणसासमोर बापाला ऊठ कसं म्हणायचं? शिवाय मलाही आईसारखंच वाटत होतं, की दोनच तर छिद्रं आहेत.

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं आणि आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं.

"जीप चालवता येईल ना?" वडिलांनी विचारलं.

"आता बघू," डॉक्टर म्हणाले.

रिक्षात मला रडू आलं. वडिलांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू कशाला रडतो? बसलो तर मीच ना."

मग परीक्षेसाठी मी हॉस्टेलवर परतलो. डबा आता चाचा आणायचे. ते वडिलांचे जुने सोबती, त्याच रस्त्यावर जीप चालवणारे. घरी फोन केला की आई "बरं हाय" म्हणायची, पण तिचं अंगात ताप असला तरी बरंच असतं. म्हणून मी चाचांनाच विचारायचो. "वाळूची पिशवी पायाला बांधून उचलतो दिवसभर," एवढंच ते सांगायचे. गाडीचं काही बोलायचे नाहीत, आणि मला विचारायचा धीर व्हायचा नाही.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी त्यांनी डबा दिला आणि म्हणाले, "उद्या माझ्याकडं येऊ नको, बेटा."

मला वाटलं, कंटाळले.

"तुझा बाप स्वतः आणतो बोलला. आज वाळूजपर्यंत रिकामी गाडी मारून आला. क्लच एकदम मक्खन." मग हसले. "और सुन, मामा परत आले होते. तुझ्या बापानं शेजाऱ्याकडून दुसरी खुर्ची आणली. त्यांना बसवलं, मग आपण बसला."