मल्लेशमकाकांचा तळहात

कुठलीही चालती वस्तू दिसली की मल्लेशमकाका तिच्यावर तळहात ठेवत. आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी आमचं कपडे धुण्याचं मशीन अंगणातच लावून पाहिलं, तर ते धडधडत पुढे सरकू लागलं. कुंपणापलीकडचे एक उंच गृहस्थ न विचारता आत आले, मशीनवर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मशीनला काय झालं न्हाय. पायाखाली खडा हाय. आदी पुसून बगा की." खडा होताच. ही आमची ओळख.

काकांचा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला. एका कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो चालता करणारे. तिथल्या आवाजात कानांचा उपयोग नसे, म्हणून तळहाताने ऐकायची सवय लागली. निवृत्तीनंतर माग सुटले, पण हात सुटला नाही. माझा मिक्सर, पाण्याची मोटर, एकदा तर भाजीवाल्याची हातगाडी, सगळ्यांवर तो हात पडला. सल्ला मात्र नेहमी एकच, "आदी पुसून बगा की." गुडघा दुखतो म्हटलं तरी तेच. मी याद्या करून जगणारी बाई. कामांची क्रमवारी लावल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. काकांच्या या वाक्यामुळे माझ्या प्रत्येक यादीत पहिलं काम आपोआप ठरलेलं असे.

त्यांचा जीव होता मोटारसायकलवर. लक्ष्मीकाकूंना मागे बसवून अक्कलकोटला मेव्हणीकडे जायचं, वाटेत चहा प्यायचा, संध्याकाळी परत, हा त्यांचा ठरलेला आनंद. खंडेनवमीला कारखान्यात माग धुऊन, रंगवून पूजत. घरी माग नाही म्हणून काका मोटारसायकल पूजत. काकू म्हणत, "एवढी सेवा माझी केली असती तर!" काका म्हणत, "तुला ब्रेक कुटं हाय?"

एका दिवाळीला त्यांची मुलगी सुजाता पुण्याहून आली. वडिलांच्या मागे बसून बाजारात गेली आणि परत आली ती गंभीर होऊन. ब्रेक दाबला की हँडल थरथरत होतं. "नाना, तुमचे हात कापतायत. आता गाडी बास." काकांनी किल्ली खिळ्याला टांगली. सुजाताने करकंबच्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. तो रविवारी गाडी विकत घ्यायला म्हणून बघायला येणार असं ठरलं.

शनिवारी सकाळी मी फराळाचं ताट घेऊन गेले, तर काका चहाची बशी दोन्ही हातांनी धरून बसलेले. गाडी एका कोपऱ्यात, धूळ खात. हातांवरचा विश्वास गेलेला जॉबर मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ब्रेक न दाबता थरथरतं का?" मी विचारलं.

"न्हाय."

"दाबला की?"

"तवाच."

"मग हात नुसते ब्रेकलाच घाबरतात होय, काका?"

त्यांनी बशी खाली ठेवली.

"आधी पुसून बघा की," मी म्हटलं. काकू पदराआड हसल्या.

मग अंगणात काम सुरू झालं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचललं. काकांनी एक ताठ तार चाकाशेजारच्या दांड्याला घट्ट बांधली, तिचं टोक ब्रेकच्या डिस्कला लागेल न लागेल असं ठेवलं आणि चाक हळू फिरवलं. टोक एका जागी डिस्कला खरडे, समोरच्या बाजूला चांगली फट पडे. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. तिथे खडूची खूण केली.

"डिस्क वाकलीय," सुजाता म्हणाली. ती मघापासून दारात उभी होती.

"बगू की." काकांनी डिस्क सोडवली, शोकेसची जाड काच काढून तिच्यावर पालथी घातली आणि कडेकडेने बोटाने दाबत गेले. कुठेच डुगडुगेना. डिस्क सपाट होती. काकांचा चेहरा उतरला. डिस्क नाही, तर मग काय?

त्यांनी डिस्क जिथे बसते ती चाकाची जागा फडक्याने पुसली. फडकं एका ठिकाणी अडलं. तिथे हिरवा रंग होता, एका बाजूला ओघळ येऊन जाड झालेला. मागांना देतात तो हिरवा रंग. खंडेनवमीला काकांनी डिस्क काढून चाकसुद्धा रंगवलं होतं आणि त्या ओघळावरच डिस्क परत घट्ट बसवली होती, म्हणून सपाट डिस्कही तिरकी फिरत होती.

"मी म्हणत होते, एक हार पुरे," काकू म्हणाल्या.

"लई भक्ती झाली बग," काका म्हणाले आणि इतके हसले की फडकं हातातून पडलं.

रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, पुसला. डिस्क बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. आता तारेची फट सगळीकडे सारखी. सुजाताला मागे बसवून काका कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

"आज हात बरे आहेत तुमचे," ती उतरत म्हणाली.

"हातांना तर मी काय बी केलं न्हाय, बिड्डा." तेलुगूत लेकराला ते असंच म्हणत. करकंबला येऊ नका म्हणून फोन सुजातानेच केला.

त्यानंतर अक्कलकोटच्या पुष्कळ फेऱ्या झाल्या. खंडेनवमीला गाडीला हार आणि हळदकुंकू, रंग नाही.

मग एका सकाळी काका आमच्याकडे आले, चालू मशीनवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उभे राहिले. मशीन बंद झालं तरी त्यांनी हात काढला नाही.

"ताई, ह्ये बंद हाय न्हवं?"

"हो, काका."

"मग हलतंय त्ये माझंच." आवाजात खंत नव्हती. एखाद्या मागाचा बिघाड सापडावा तसं ते बोलले. त्या आठवड्यात त्यांनी सुजाताला बोलावून घेतलं आणि गाडीची किल्ली स्वतः तिच्या हातात दिली. ती रडू लागली. "नाना, पुन्हा एकदा डिस्क तपासू या का?"

"तपासली, बिड्डा," काका म्हणाले. "आदी पुसून बगितलं, मगच तुला बोलावलं."