बायाक्काचा रिकामा माग

वडगावात आमची आन् बायाक्काची भिंत एकच. त्यामुळं देवाशी चाललेलं तिचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडायचं, आन् खरं सांगते, माझं डोकं उठायचं. लढाईमुळं सूत येईना, गल्लीतले माग मुके पडलेले, आंबिलीत नुसतं पाणी. आन् ही बाई सकाळी उठून म्हणायची, "देवा, आंबील पातळ दिलीस, बरं केलंस. चावायचा तरास वाचला." आता ह्यावर देवानं तरी काय बोलावं?

तिचा नवरा बसवंतअण्णा मात्र बोलायचाच बंद झालता. लुगडी विणणारा एवढा कसबी माणूस, नुसता भिंतीला टेकून बसायचा. शेवटी त्यानं अनगोळच्या भरमा सुताराला माग विकायचा ठरवला, लाकूड म्हणून. आन् सोता निपाणीला तंबाखूच्या वखारीत मजुरीला जाणार.

बायाक्काचा जीव त्या मागात. मागाच्या फणीत जुन्या ताण्याची, म्हंजे उभ्या धाग्यांची, टोकं तिनं तशीच राखलेली. नवं सूत आलं की त्यालाच जोडायचं, ही आम्हां विणकरांची रीत. पण ती भांडली न्हाय, रडली न्हाय. देवावर सोडलंय म्हणाली. मला तर तिचा लई राग आला.

भरमा गाडी घेऊन आला, तर आतनं खटक खटक! बायाक्का मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून, मोकळा धोटा इकडनं तिकडं पळवत, रिकामा माग चालवत बसलेली. चालत्या मागाला हात लावू नये, हे सुतारालाबी ठाऊक. बिचारा कट्ट्यावर बसला. माग काय थांबंना. वर हिचं आभार मानणं चालूच, देवा, धोटा दिलास, पाय दिलेस, भरमादादाला सावली दिलीस. भरमानं तंबाखू मळली, बैलांना पाणी पाजलं, एक डुलकीबी काढली. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत व्हत्या, मीबी.

दुपार कलली तशी बायाक्का कळवळली. पोटरीत गोळा आलाय, जरा तुमी बसा मागावर, अण्णाला म्हणाली. मागावरनं एक उठलं की दुसऱ्यानं बसायचं, ही त्या घराची जन्माची सवय. अण्णा इचार न करता खड्ड्यात उतरला आन् त्याचे पाय आपोआप हलायला लागले. धागा न्हाय, काय न्हाय, तरी धोटा पळत व्हता. बघते तर अण्णाच्या डोळ्यांत पाणी आन् तोंडावर हसू. किती महिन्यांनी हसला माणूस!

बाहेरनं भरमानं इचारलं, झालं का?

"उद्या ये," अण्णा म्हणाला. मग पाय न थांबवता, "उद्याबी नको."

तंबाखूच्या हंगामाला दोघंबी निपाणीला गेली, राबली, परत आली. पुढं सूत मिळालं तवा त्याच टोकांना जोडलं.

पण भरमा रिकामी गाडी घेऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडनं अण्णाचा आवाज आलता. "देवा, हिच्या पोटरीत गोळा आणलास, लई बरं केलंस."

गोळाबिळा कायबी आला न्हवता. त्या दुपारी लंगडत आत गेलेली बायाक्का चुलीपाशी ताठ उभी राहून भरमासाठी गूळ शोधत व्हती, मी डोळ्यांनी बघितलंय. अण्णाला मात्र मी कधी सांगितलं न्हाय.