धारोष्णाचं खूळ

निवृत्त झाल्यावर काय करायचं याचा विचार मी नोकरीत असताना केला नव्हता. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी व्हॉट्सअ‍ॅप वाचायला घेतलं. त्यात मला कळलं की आपली पिढी खंगली ती दूध उकळल्यामुळे. उकळलेलं दूध म्हणजे मेलेलं दूध. गायीच्या आचळातून थेट पेल्यात पडलेलं, फेसाळ, कोमट, ते धारोष्ण. तेच खरं अमृत. वाचून मी भारावून गेलो. आता सांगायची लाज वाटते, पण सोलापुरातल्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. 'पाश्चरीकरण म्हणजे काय?' हा दोन गुणांचा प्रश्न किती पोरांकडून घोकून घेतला, त्याला गणती नाही. उत्तर चुकलं की हातावर पट्टीसुद्धा मारलेली आहे.

माझा धाकटा भाऊ वळसंगला शेती करतो. त्याच्या गोठ्यात दोन गावरान गायी. दर रविवारी सकाळी मी स्कूटर काढून तिथं पेला घेऊन हजर होऊ लागलो. भाऊ धार काढायचा, मी प्यायचो, आणि मिशीला लागलेला फेस पुसायचो नाही. कुणीतरी विचारावं अशी इच्छा असायची. कुणी विचारत नसे. भावजय त्याच बादलीतलं दूध आत नेऊन गॅसवर ठेवायची, आणि मी दारात उभा राहून तिला पूर्वजांची थोरवी सांगायचो.

एकदा भाऊ वैतागला. "दादा, आपल्यात कवा कोण कच्चं पीत हुतं? आईचं दुधाचं मडकं सकाळपासनं गोवरीच्या आरावर असायचं की. तालमीतली पोरं प्यायची कच्चं. तुमी तालमीत गेला कवा?"

त्याचं खरं होतं. दिवसभर मंद आचेवर राहून ते दूध लालसर व्हायचं, वर जाड साय धरायची, आणि ती साय चोरून खाल्ल्याबद्दल सगळ्यात जास्त मार मीच खाल्ला होता. पण फॉरवर्ड केलेल्या इतिहासात हा इतिहास कुठंच बसत नव्हता. म्हणून मी त्याला "तुला नाही कळायचं" म्हणालो.

घरी आणलेलं दूध मात्र बायको सरळ उकळायची. "तुमच्या अमृताला एक उकळी येऊ दे, मग बघू," म्हणायची. तिच्यापुढे माझं काही चालत नसे. जन्मात चाललेलं नाही.

त्यातच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना लागला होता. भावजयीने ओटी भरायला बोलावलं, म्हणून आम्ही तिघं भाड्याची गाडी करून वळसंगला गेलो. बायको आणि भावजय आत ताटाच्या तयारीत होत्या. मी ही संधी साधली. लेकीला गोठ्यापाशी नेलं, पेला भरून घेतला आणि तिच्यापुढे धरला. "घे. नातवाच्या हाडात जाईल." तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून पिऊन टाकलं. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आजोबांचं पहिलं कर्तव्य'. अंगठे बरेच आले.

पुढे काही आठवड्यांनी मला ताप भरला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने गादी भिजायची, सकाळी मी ठणठणीत. कंबर आणि गुडघे मात्र कुणी कुटल्यासारखे दुखायचे. मलेरिया निघाला नाही, टायफॉइड निघाला नाही. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "कच्चं दूध वगैरे पिता का?"

मला वाटलं, बाईंना माझी प्रकृती पाहून कौतुकाने विचारावंसं वाटलं असेल. मी खुर्चीत ताठ बसून म्हणालो, "हो! धारोष्ण! दर रविवारी!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. जनावरांकडून दुधातून माणसाला येणारा हा ताप असतो, ब्रुसेलोसिस, रक्त तपासू, म्हणाल्या. रिपोर्टमध्ये तोच निघाला. मग त्यांनी विचारलं, त्या गोठ्यातली एखादी गाय गाभडली होती का, म्हणजे दिवस भरायच्या आत तिचं वासरू पडलं होतं का? मी तिथूनच भावाला फोन लावला.

"व्हय की," तो म्हणाला. "तांबडी गाभडली न्हवं का मागं. सातवा म्हैना हुता तिचा. तुमास्नी सांगितलं न्हाय व्हय?"

सातवा महिना. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, फोटोसुद्धा दाखवला. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. गरोदर बाईला याचा धोका मोठा असतो, पोटातल्या बाळावर बेततं, एवढंच सांगून त्यांनी लेकीला ताबडतोब घेऊन यायला सांगितलं.

रिपोर्ट येईपर्यंत मी घरात कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. बायको एक शब्द बोलली नाही. तिने बोलावं म्हणून मी मुद्दाम दोनदा चहा सांडला. लेक सोफ्यावर पोटावर हात ठेवून बसलेली असायची. 'बाळ हललं का गं?' हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती. ती आपणहून सांगायची, "हललं बाबा."

तिचं रक्त स्वच्छ निघालं. पुन्हा तपासलं, तेव्हाही स्वच्छच. त्या दिवशी माझ्यातला मास्तर लगेच जागा झाला. मी तिला विचारलं, "तुझ्या डॉक्टरांनी तुला सांगितलं नव्हतं का, कच्चं दूध प्यायचं नाही म्हणून?"

"सांगितलं होतं. पहिल्याच वेळी."

"मग प्यायलीस कशाला?"

ती म्हणाली, "तुमची शाळा सुटल्यापासून तुम्हाला इतकं खूश पाहिलंच नव्हतं, बाबा. नाही म्हणवेना."

जन्मभर मला वाटत आलं होतं की लेक माझं ऐकते ते मला कळतं म्हणून. माझे डोळे भरून आले. बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं, या तापाच्या गोळ्या फार कडक आहेत.