पाटीवरचे अडीचशे वॉट

माझ्या साडूला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरणार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला रायपुरातल्या चौबे कॉलनीत, नोकरी सरकारी ऑफिसात, आणि नाद सायकलला पेट्रोलचं छोटं इंजिन बसवून ती शर्यतीत पळवायचा. मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मोटरी दुरुस्त करतो. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजून भट्टीत सुकवायची. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. कामावर जातो तेही सायकलनंच, त्यामुळे या वयातही पायात दम आहे. सायकलच्या मागच्या चाकात मोटर बसवावी हे मला सुचलं यात नवल काही नव्हतं. नवल हे, की त्यानंतर आम्हा दोघा साडूंची सोयरीक निव्वळ तोंडदेखली उरली.

रायपुरात अशा सायकली बनवणारे आम्ही वीस-पंचवीस जण आहोत. दर हिवाळ्यात एका रविवारी सकाळी, नव्या राजधानीकडच्या रिकाम्या प्लॉटांमधल्या रस्त्यावर आमची शर्यत लागते. फेऱ्या चार. पेट्रोलवाले आणि बिजलीवाले एकत्रच पळतात, कारण वेगळी शर्यत लावण्याइतकी माणसं कुठल्याच बाजूला नाहीत. सगळं भांडण इथूनच सुरू होतं. ते आम्हाला मिक्सरवाले म्हणतात आणि आम्ही त्यांना फवारणीवाले, कारण त्यांची इंजिनं शेतातल्या फवारणीच्या पंपासारखी फटफटतात.

नियम लिहिले साडूने. ऑफिसातला माणूस, कागद करायची हौस दांडगी. पेट्रोल पन्नास सीसीपर्यंत, बिजली अडीचशे वॉटपर्यंत. दोन्हीतलं थोडंफार कळणारा कोणीही हे वाचून हसेल. पन्नास सीसीचं इंजिन सहज हजार वॉटच्या वर जातं. म्हणजे त्यांनी घोड्यावर बसायचं आणि आम्ही शेळीवर. मी तेव्हाच तसं बोललो, तर साडू म्हणाला, "साडूभाऊ, बिना लायसनची गाडी अडीचशेपर्यंत, असं सरकारनंच ठरवलं. मी काहून बदलू?"

तपासणीही त्याच्याच हातात, आणि तपासणी म्हणजे पाटी वाचणं. मोटरीच्या अंगावरची पाटी वाचायची, इंजिन ज्या डब्यातून आलं त्या डब्यावरचा आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहायचं, सही करायची. लिहिलेलं आहे म्हणजे ते तसंच आहे, हा त्याचा स्वभावच. मशीन कधी खोटं बोलत नाही पण त्याच्यावरची पाटी बोलू शकते, हे मोटर भरणाऱ्याला पहिल्याच वर्षी कळतं. त्याला ते कोणी शिकवलंच नव्हतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी मी पहिल्यांदा उतरलो. बाजारात मिळालेल्या मोटरीवर साडेतीनशेची पाटी होती. मी कंट्रोलर असा बांधून घेतला होता की ती अडीचशेच्या वर एक वॉट जाणार नाही. दाखवायला टाँगटेस्टरही नेला होता. हे चिमट्यासारखं मीटर असतं, तारेभोवती धरलं की किती करंट वाहतोय ते दाखवतं. मी ते पिशवीतून काढलं, तर साडूने हातानेच थांबवलं.

"पाटीवर साडेतीनशे लिहून आहे. बाद."

मी म्हणालो, "भाऊ, एकदा मीटर तर पाहा."

त्याने रजिस्टर मिटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, बेईमानीच करायची होती तर पाटी तरी खरडून यायचं!"

हशा पिकला. माझी बायको पोह्यांचा मोठा डबा घेऊन आली होती, सगळ्यांना वाढायचे म्हणून. तिने उघडलेलं झाकण परत लावलं. तो झाकणाचा आवाज मी विसरलेलो नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण आमच्यात एक रीत आहे. जो बाद होतो त्याने शेवटच्या रेघेपाशी झेंडा धरून उभं राहायचं आणि जिंकणाऱ्याला झेंडा दाखवायचा. उन्हात उभं राहायला कोणी तयार होत नसे म्हणून ही रीत पडली. त्या दिवशी झेंडा माझ्या हातात आला आणि जिंकला साडू. मी झेंडा असा हलवला, जणू जेवणावरच्या माश्या हाकलतोय.

पुढचं वर्षभर त्याने मला सोडलं नाही. बारसं असो की साखरपुडा, पंगतीत जिलेबी आली की तो वाढणाऱ्याला ओरडून सांगायचा, "आमच्या साडूभाऊले अडीचशे ग्रामच वाढा बरं, जास्त झालं तर बाद होतात!" पंगत हसायची. सासरची म्हातारी माणसं, ज्यांना वॉट म्हणजे काय हे ठाऊक नाही, तीही हसायची. मीही दात दाखवायचो. आतून मात्र मला दोनच गोष्टी हव्या होत्या. तो झेंडा त्याच्या हातात जायला हवा होता, आणि बेईमान हा शब्द ज्या तोंडातून निघाला त्याच तोंडाने, त्याच माणसांसमोर, परत घेतला जायला हवा होता.

संधी त्यानेच दिली. पावसाळ्यानंतर त्याच्याकडे जेवायला गेलो, तर वऱ्हांड्यात वर्तमानपत्रावर इंजिन खोलून ठेवलेलं. दुकानदाराने जुनीवर जुळवून दिलेली नवी रिंग टाकत होता. पिस्टनवर बसणारी जुनी रिंग कागदावर टाकलेली होती. मला बघताक्षणी ती मोठी वाटली. इतकी वर्षं बेअरिंगं हाताळल्यावर एवढी नजर येतेच. तो हात धुवायला आत गेला आणि मी ती रिंग खिशात घातली. मग त्याच्याच घरात, त्याच्याच शेजारी बसून पोटभर जेवलो. दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या.

घरी व्हर्नियर कॅलिपरने तिचा व्यास मोजला. सत्तेचाळीस मिलिमीटर. पन्नास सीसीच्या त्या इंजिनाला चाळीसची लागते. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात. साडूचं इंजिन पन्नासचं नव्हतंच. मी ती रिंग देवघराच्या खालच्या खणात ठेवली आणि रोज अंघोळीनंतर एकदा बघायचो. बायको म्हणाली, "हे काय करून राहिले तुम्ही? लोखंडाची पूजा?" मी म्हणालो, हव, तसंच समज.

आता जे सांगणार आहे ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

नुसता तो बाद होऊन माझं समाधान होणार नव्हतं. मला जिंकायचंही होतं, आणि खरोखरच्या अडीचशे वॉटवर मी बाकीच्या फवारणीवाल्यांपुढे जिंकणं शक्य नव्हतं. मग त्याचंच बोलणं डोक्यात घोळू लागलं. बेईमानीच करायची तर पाटी. मी अडीचशेची पाटी असलेली एक मोटर मिळवली. साप्ताहिक सुट्टीच्या चार दुपारी बसून तिची सगळी तार उपसली आणि जाड तारेचे कमी वेढे भरले. कंट्रोलर बदलला. पाटीला धक्का लावला नाही, उलट फडक्याने पुसून लख्ख केली. टाँगटेस्टर लावून पाहिलं, बॅटरीतून ती नऊशे वॉटच्या वर खेचत होती. इतकं सुबक काम मी मिलमध्येही कधी केलेलं नाही. कुठे लाज वाटली असं खोटं लिहिणार नाही. मजा वाटली.

मागच्या हिवाळ्यातला तो रविवार. तीच जागा, तीच माणसं, बायकोचा तोच डबा. साडूने माझी पाटी वाचली, अडीचशे, आणि हसून म्हणाला, "शिकले म्हणा साडूभाऊ!" सही केली. मग त्याच्या स्वतःच्या गाडीची पाळी आली. त्याने डब्यावरचा आकडा वाचून दाखवला, तेव्हा मी सगळ्यांसमोर पुढे झालो.

"भाऊ, डबा नाही. इंजिन उघडा."

त्याने नाही म्हणायला हवं होतं, पण तो नाही म्हणाला नाही. स्वतः पाना घेऊन बसला. वरचे चार नट सोडले, हेड म्हणजे वरचं झाकण काढलं. मी व्हर्नियर आत धरला आणि आकडा शेजारच्या पेट्रोलवाल्याकडून मोठ्याने वाचून घेतला, म्हणजे माझ्यावर बालंट यायला नको. सत्तेचाळीस. पिस्टन खालपासून वरपर्यंत किती जातो तेही मोजलं. अडतीस. मोबाईलवर हिशेब केला. जवळपास सहासष्ट सीसी.

वर्षभर मी त्या चेहऱ्याची वाट पाहिली होती. तो चिडेल, आकांडतांडव करेल, व्हर्नियरला खोटं म्हणेल, असं मी मनात शंभरदा बघून ठेवलं होतं. त्याने फक्त डबा हातात घेतला. फिरवून पाहिला. "पन्नास लिहून आहे ना याच्यावर," तो म्हणाला, आणि मला म्हणाला, "लिहून आहे ना?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो सहासष्टवर जिंकत होता आणि स्वतःला पन्नासचा समजत होता. मला दया आली नाही. मला वाटलं, बरं झालं.

त्याने रजिस्टर उघडलं, स्वतःच्या नावापुढे बाद असं लिहिलं, सही केली, आणि कोणी सांगायच्या आत झेंडा उचलला. माझी पहिली मागणी पुरी झाली.

एवढ्यात एक फवारणीवाला चिडून ओरडला, "तो फिर इनकी मोटर भी नापो! डब्बा नहीं तो प्लेट भी नहीं!"

बरोबरच होतं त्याचं. टाँगटेस्टर माझ्या पिशवीत होता. दुसऱ्या कोणाकडे तो नव्हता आणि वापरताही येत नव्हता. मी पिशवीकडे हात नेला. कशासाठी, ते आजही सांगता येत नाही.

तेव्हा साडू मधे आला. झेंडा काखेत मारून म्हणाला, "यांची नाही मोजायची. मागच्या खेपेला हे मीटर घेऊन उभे होते, मीच पाहिलं नाही. बेईमान म्हणालो. बेईमान असते तर तेव्हाच पाटी खरडून आले असते. माझी चूक झाली, साडूभाऊ. सगळ्यांसमोर सांगून राहिलो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी पिशवीची चेन ओढून बंद केली.

शर्यत मी जिंकलो. दुसऱ्या फेरीपासून माझ्या पुढे कोणीच नव्हतं. शेवटच्या वळणावरून बाहेर पडलो तेव्हा लांबून तो दिसला. रेघेच्या मधोमध उभा, झेंडा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलेला. मी केलं तसं माश्या हाकलणं त्याने केलं नाही. मी पार झालो तरी तो हलवतच होता. नंतर बायकोने पोह्यांची पहिली प्लेट त्याला दिली, आणि मला त्याचाही राग आला.

घरी येताना तिने विचारलं, "आता तरी जीव थंड झाला तुमचा?" मी हव म्हणालो.

मोटर अजून चाकातच आहे. मी ती उघडलेली नाही आणि गाडीही बाहेर काढलेली नाही. साडूने नव्या कागदावर नवे नियम लिहिले आहेत, इंजिन उघडून मोजायचं आणि मोटरीला मीटर लावायचं. मीटर लावायचं काम त्याने माझ्याकडे दिलं आहे, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे आमच्यात असा माणूस दुसरा नाही.

परवा शंकर नगरात एका नातेवाइकाकडे जेवण होतं. जिलेबी आली. त्याने वाढणाऱ्याला थांबवलं, तेव्हा मला जुनीच मस्करी येणार असं वाटलं. खरं सांगतो, तीच यावी असं वाटलं. तो म्हणाला, "आमच्या साडूभाऊले पाहिजे तेवढी वाढा. यांचं मोजायची गरज नाही."

मी ताट पुढे केलं.