आईचा साफ केलेला चेहरा

आई गेली तेव्हा भिंतीवर लावण्याजोगा तिचा एकही फोटो घरात सापडेना. ती फोटोला उभीच राहायची नाही. कुणी मोबाईल वर केला की तोंडावर पदर ओढून आत निघून जायची. शेवटी मावसभावाच्या लग्नातल्या एका फोटोत, बायकांच्या घोळक्यात मागं ती दिसली. जराशी अंधुक. पंगतीला पाणी वाढायला कुणी नव्हतं म्हणून तिकडं रागानं बघत होती. तो राग आम्हा दोघा भावंडांना पाठ होता.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. रंगानं काळी, गालावर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण, पुढचा एक दात तुटका. बाळंतिणी तिला दबकून असायच्या आणि कळा सुरू झाल्या की तिलाच हाका मारायच्या.

तिला जाऊन वर्ष झालं, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, फोटोचं माझ्याकडं लागलं." तो वाळूजला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथं आता कॅमेरे बसवलेत. कामगाराचा हात किती वेळ थांबला हे ते आपलं आपण सांगतात, आणि हा घरी येऊन त्याचं कौतुक करतो. मी शाळेत मराठी शिकवण्यात नोकरी काढली. त्या यंत्रांमधलं मला काही कळत नाही. पण माणसावर पाळत ठेवणाऱ्या गोष्टीचं कौतुक कसलं, एवढं मला कळतं.

कार्यक्रमाच्या दिवशी वंदना झाली. भंतेजी अनित्यतेवर बोलले, जे गेलं ते धरून ठेवू नये म्हणाले. ते बोलून बसतात न बसतात तोच भावानं फ्रेमवरचं कापड काढलं.

फ्रेममध्ये एक गोरी बाई होती. गाल साबणाच्या जाहिरातीतल्यासारखे गुळगुळीत, दात सगळे जागेवर. ती हसत होती. मग भावानं टीव्ही लावला, आणि तीच बाई पापण्या मिटून उघडून बोलू लागली. "माझ्या लाडक्या मुलांनो, मी जिथे आहे तिथे अगदी आनंदात आहे. एकमेकांना सांभाळा." आवाज बातम्या देणाऱ्या बाईचा. आमच्या आईनं जन्मात कुणाला लाडक्या म्हटलं नव्हतं. मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई गोड दिसती माय." बाकीच्या बायका मोबाईल काढून टीव्हीचंच शूटिंग करू लागल्या.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मागोमाग भाऊ आला.

"ताई, आवडलं नाय का?"

"कोण हाय ती बाई?"

"फोटो अंधुक होता. एआयनं साफ करून दिला."

"मग काळी का नाय ती?"

"म्या नाय सांगितलं गोरी कर म्हणून. त्यानं आपोआप केलं."

त्या 'आपोआप'नं माझ्या अंगाची आग झाली. एकदा वॉर्डात एका बाळंतिणीची सासू म्हणाली होती, दुसरीला पाठवा, हिची सावली नको बाळावर. आई बाळाला न्हाऊ घालत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "जगात आल्यावर पहिलं तोंड माझंच बघितलंय त्यानं. आता काय करता?" त्या सासूला निदान तोंड होतं, तिला उत्तर देता आलं. आता आईचा रंग पुसला गेला, व्रण पुसले, राग पुसला, आणि हे कुणी केलं विचारलं तर कुणीच नाही. आपोआप झालं.

"काढून टाक ते," मी म्हणाले.

"फ्रेम काढतो. पण व्हिडिओ सकाळीच पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलाय. पार पैठणपर्यंत गेला असंल."

त्यानं खरंच फ्रेम उतरवली. त्याला वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं. लग्नातला तो अंधुक फोटो मी मोठा करून घेतला आणि स्वतः खिळा ठोकून लावला.

पुढच्या आठवड्यात दुपारी माहेरी गेले तर अण्णा, आमचे वडील, पलंगावर बसून टीव्ही बघत होते. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, नोकरीभर निम्म्या रात्री मुक्कामी गाडीवर काढलेल्या. पडद्यावर तीच बाई होती. आवाज बंद केलेला.

"अण्णा, ही आई नाय."

"ठावं हाय मला. संसार केलाय तिच्यासंगं."

"मग कशाला बघता?"

अण्णा म्हणाले, "हसती ती. माझ्यासमोर कवा हसायची?"

त्या यंत्राचा सगळ्यात जास्त राग मला तेव्हा आला. आईचा चेहरा त्यानं बिघडवला तो बिघडवलाच. पण अण्णांच्या मनात एवढी वर्षं जे सलत होतं, त्याच्यावर त्यानं एक खोटं हसू आणून चिकटवलं, आणि म्हातारा माणूस जाणूनबुजून त्याच्यात अडकला.

मी त्यांच्याशेजारी बसले आणि आई खरंच कशी हसायची ते सांगू लागले. ड्यूटीवरून आली की ती मोठ्या डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करायची. पोट पुढं काढून, हात मागं बांधून ओट्यापासून दारापर्यंत जायची, आणि हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसायची. तेव्हा तो तुटका दात दिसायचा.

"व्हय?" अण्णा म्हणाले. "मला कवा दावलं नाय तिनं."

मी आणखी सांगत राहिले. ते हुंकार देत होते. नजर मात्र टीव्हीवरून हलली नाही.