विंटर टायरवर, जुलैत, टेनेसीला

सासूबाईंना नागपूरहून येऊन महिना होत आला होता आणि तेवढ्या दिवसांत त्यांनी मिशिगनमधलं जे काही पाहिलं, ते सगळं सपाट होतं. एका सकाळी पोहे परतता परतता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे एकही डोंगर नाही का गं, मृणाल?" आमच्या नोव्हाय गावाहून डोंगर म्हणावा असा डोंगर गाठायचा तर दिवसभराची ड्राइव्ह आहे. त्याच संध्याकाळी समीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टेनेसीतल्या स्मोकी माउंटन्सजवळ मोटेल बुक केलं.

निघायच्या आदल्या दिवशी टायरचा विषय निघाला. आमच्या गाडीला अजून विंटर टायरच, म्हणजे बर्फासाठीचे टायर, होते. एप्रिलमध्येही बर्फ पडला म्हणून ते काढले नाहीत, आणि नंतर समीरनं हिशोब मांडला: हे टायर आता जुने झालेत, पुढच्या बर्फात तसेही चालणार नाहीत, मग उन्हाळ्यात वापरून संपवू आणि नोव्हेंबरमध्ये नवे घेऊ. इथले अर्धे लोक असंच करतात. मलाही ते पटलं होतं.

"लाँग ड्राइव्हला चालतील ना पण?" मी विचारलं.

"ट्रेड भरपूर आहे यार, खाचा अजून खोल आहेत. जरा आवाज करतील, बस."

आवाज केलाच. आय-७५ हायवेला लागल्यावर ओहायो संपेपर्यंत खालून एकसारखी घूं घूं. सासूबाईंना गाडी लागते म्हणून त्या पुढे बसल्या होत्या. त्यांनी सोबत दशम्या आणि तिळाची चटणी घेतली होती, त्यामुळे दुपारचं जेवण रेस्ट एरियातल्या बाकावर झालं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, या रस्त्यावरचे रेस्ट एरिया स्वच्छ असतात आणि झाडाखालची बाकंही सहज मिळतात. सिनसिनाटीच्या पुलावरचा ट्रॅफिक मात्र दुपारनंतर टाळाच. आम्ही टाळला नाही.

केंटकीत उन्हाचा कडाका होता. लेक्सिंग्टनच्या अलीकडे मी चालवायला घेतलं, तेव्हा लेन बदलताना गाडी किंचित उशिरा ऐकतेय असं वाटलं. स्टिअरिंग वळवलं की आधी गाडी अंग हलवायची आणि मग वळायची. लायसन्स मिळून मला दोनच वर्षं झाली होती आणि हायवेवर मी अजून खांदे आवळून चालवायचे. दोष आपल्या हाताचाच असणार, असं मी धरून चालले.

लेक्सिंग्टनला एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी टेनेसीत शिरताना पहिले खरे चढ लागले आणि सासूबाई सरसावून बसल्या. लग्नानंतर त्या चिखलदऱ्याला गेल्या होत्या, तिथलं धुकं त्यांना अजून आठवत होतं. "पण हे तर संपतच नाहीत बाप्पा," त्या म्हणाल्या. एकामागे एक, निळे होत गेलेले डोंगर. खरंच संपत नव्हते.

थोडं कामाचं सांगते. स्मोकीच्या नॅशनल पार्कला प्रवेश फी नाही, पण गाडी पाव तासाहून जास्त थांबवायची असेल तर पार्किंगचा टॅग लागतो. आठवड्याचा घेतलेला परवडतो. पार्कच्या आत पेट्रोल मिळत नाही, पायथ्याच्या गॅटलिनबर्ग गावातूनच टाकी भरून निघा. गॅटलिनबर्ग म्हणजे कायमची भरलेली जत्रा आहे. तिथे गाडी लावायचे जे पैसे पडतात, त्यात दोघांचा नाश्ता होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुवोहीला गेलो, हे पार्कमधलं सर्वांत उंच शिखर. गाडीतळापासून वर जाणारी वाट सिमेंटची आहे, पण चांगलीच चढाची. सासूबाई दर बाकावर बसत, येणाऱ्याजाणाऱ्यांना हसून "हॅलो" म्हणत वर पोचल्या. वर गार वारा होता. त्यांनी पदर कानांवरून घेतला आणि कितीतरी वेळ कठड्याला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. समीरनं फोटोसाठी हाक मारली, तर हातानंच त्याला थांब म्हणाल्या.

वर येताना समीरनं चालवलं होतं, म्हणून उतरताना मी घेतलं. उतार लांबलचक होता. गिअर खालचा ठेवला होता, वेग पाटीवर होता तेवढाच. जसजसं खाली आलो तसतशी गरम हवा परत आली. एका वळणानंतर पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले आणि ती रस्त्यातच उभी राहिली. उजवीकडच्या झाडीत अस्वल होतं, ते बघायला.

मी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेकच्या एबीएसची थरथर सुरू झाली, टायर किंचाळले, पण गाडी थांबेना. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत एक लहान मुलगी आमच्याकडे तोंड करून बघत होती. ती मोठी मोठी होत चालली होती. उजवीकडे थांबायला खडीची जागा होती, मी स्टिअरिंग तिकडे ओढलं. खडी उडाली आणि दगडी कठड्याच्या जरा अलीकडे गाडी एकदाची थांबली.

सासूबाईंचा हात डॅशबोर्डवर रुतला होता. पुढच्या गाडीतला माणूस धावत आला आणि सगळे ठीक आहात ना, विचारू लागला. मी मान हलवली.

मग मागून समीर म्हणाला, "उशीर केलास तू. ब्रेक आधी मारायला हवा होता."

मी सीटबेल्ट काढला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. त्या क्षणी मी ठरवून टाकलं होतं, आता आपण चालवायचं नाही. परत जाताना नाही आणि घरी गेल्यावरही नाही.

सासूबाई मात्र त्याच्याकडे वळल्या. "काहून उशीर? मी पुढेच बसले होते. तिकडे लाल दिवे लागले अन् इकडे हिचा पाय ब्रेकवर गेला. मी बघितलं. गाडीच थांबेना, त्याला ती काय करेल?"

"आई, तुला ड्रायव्हिंगमधलं—"

"मला नाही कळत. दिसतं मात्र सगळं."

अस्वल कधीच निघून गेलं होतं. समीरनं ब्रेक तापलेत का पाहिलं, वास येतो का पाहिलं. काहीच नव्हतं. तो अगदी सावकाश गाडी खाली घेऊन आला, आणि गॅटलिनबर्गपर्यंत मी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले.

मोटेलवर पोचल्यावर आम्हाला खोलीत सोडून तो कुठेसा निघून गेला. सासूबाईंनी आल्याचा चहा केला. त्यांची छोटी इलेक्ट्रिक किटली प्रवासात कायम सोबत असते. त्या माझ्या शेजारी बसल्या, पण त्या प्रसंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या बहिणीनं पन्नाशीत स्कूटर शिकताना भाजीवाल्याच्या वांग्यांवर कशी घातली, ते सांगत बसल्या. मला हसू आलं, आणि मग थोडं रडूही आलं.

समीर परत आला तो घामानं निथळत होता. एका बंद दुकानामागच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन त्यानं वेग घेऊन ब्रेक मारून पाहिले होते. पुन्हा पुन्हा.

"गाडी घसरत राहते," तो म्हणाला. "डांबर इतकं तापलंय की टायर लोण्यासारखे झालेत. मला माहीत होतं गं हे विंटर टायरचं रबर मऊ असतं, थंडीसाठीच असतं. पण इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. त्यातून टायरच्या बाहेरच्या कडा पार झिजल्यात. तुझं चुकलं नव्हतं, मृणाल. सॉरी."

सासूबाई कपात चहा ओतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

चौथा दिवस टायरच्या दुकानात गेला. गॅटलिनबर्गहून खाली सेव्हिएरव्हिलकडे जाताना रस्त्यावर अशी बरीच दुकानं आहेत. आमच्या मापाचे ऑल-सीझन टायर दुपारी येणार होते, तोवर समोरच्या पॅनकेकच्या हॉटेलात बसून राहिलो. मोटेलच्या तीनही रात्रींच्या भाड्याएवढे पैसे टायरांवर एका झटक्यात गेले. जुने चारही टायर दुकानातच टाकून दिले. त्यांना नोव्हायला नेऊन करायचं काय होतं?

दुकानातून बाहेर पडताना समीरनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि तो बाजूला उभा राहिला. मला बसायचं नव्हतं. तरी बसले. त्याच रिकाम्या लॉटमध्ये जाऊन मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. पुन्हा दाबला, पुन्हा उभी राहिली. शेजारून सासूबाई म्हणाल्या, "बस झालं आता, माझा चहा वर येतोय."

पाचव्या दिवशी परतलो. टेनेसीच्या उतारांवर गाडी मीच चालवली, केंटकीही मीच पार केली. सिनसिनाटीचा पूल समीरला दिला, कारण मला तिथला ट्रॅफिक आवडत नाही, हे मला आता निर्धास्तपणे सांगता येतं.

घरी आल्यापासून तीन-चार मैत्रिणींनी विचारलं, आमचेही विंटर टायर अजून लावलेलेच आहेत, राहू देऊ का? काढा. पुढच्या हिवाळ्यात वापरायचे असतील तर उन्हात झिजवू नका, आणि संपवायचेच असतील तर डोंगरात तरी संपवायला नेऊ नका. नोव्हायच्या सपाट रस्त्यांवर आम्हाला कित्येक आठवडे काही जाणवलं नव्हतं, हेच त्यातलं वाईट.

स्मोकीला मात्र जरूर जा. कुवोहीवरचा तो वारा मी अजून विसरलेले नाही.

रविवारी सासूबाईंना देवळात जायचं होतं. समीर सोफ्यावरून उठला, बूट घालायला लागला. त्या साडीच्या निऱ्या सारख्या करत म्हणाल्या, "तू बस रे, मॅच बघ. मला मृणाल नेईल."